प्रबोधनकालीन अभ्यासचित्रे: समोर मॉडेल असताना चित्रकार नेमके काय शोधत होते?

एका कलाविद्यार्थ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. प्रबोधनकाळातील (रेनेसाँ, म्हणजे साधारण पंधरावे-सोळावे शतक) इटालियन चित्रकार प्रत्यक्ष मॉडेल समोर ठेवून मानवाकृतीची जी अभ्यासचित्रे करीत, ती कोणत्या साधनांनी आणि कोणत्या क्रमाने होत असत? मायकेलअँजेलोच्या स्त्रिया पुरुषांसारख्या का दिसतात? आणि आज लाइफ ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्ष मॉडेलवरून रेखाटन, शिकणाऱ्याने या चित्रांची नक्कल करावी का? मी बरीच वर्षे मॉडेलवरून रेखाटन करतो आणि शिकवतोही, त्यामुळे कलेतिहासाच्या अंगाने जितके आवश्यक तितकेच सांगून मुख्यतः काम करणाऱ्या हाताच्या बाजूने उत्तर देतो.

आधी एक मूलभूत बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण उरलेले सारे तिच्यावर अवलंबून आहे. आज संग्रहालयात किंवा पुस्तकात ही रेखाटने आपण स्वतंत्र कलाकृती म्हणून पाहतो. परंतु त्यांतील बहुतेक एखाद्या ठरलेल्या भित्तिचित्राच्या किंवा वेदीचित्राच्या (चर्चमधील वेदीसाठी केलेल्या चित्राच्या) तयारीत, त्या चित्रातील एखादी विशिष्ट अडचण सोडवण्यासाठी केलेली आहेत. मॉडेल समोर येण्यापूर्वीच चित्राची रचना छोट्या कच्च्या आराखड्यांत ठरलेली असे. कोणती आकृती कोठे आणि साधारण कोणत्या पवित्र्यात असेल, हे माहीत असे. माहीत नसे ते इतकेच, की त्या पवित्र्यात खरे शरीर कसे वागते, वजन कोणत्या पायावर उतरते, पाठ वळल्यावर खांद्याचे हाड कोठे सरकते, प्रकाश बरगडीवर कोठे तुटतो. मॉडेलला विचारला जाई तो हा प्रश्न. आपण आज वर्गात मॉडेल बसल्यावर ‘जे दिसते ते काढा’ असे म्हणून सुरुवात करतो. त्या काळच्या कार्यशाळेत पाहण्याला आधीपासूनच एक दिशा असे, आणि या चित्रांतील नेमकेपणाचे मूळ माझ्या मते तेथे आहे.

मॉडेल म्हणून कोण उभे राहत असे, याचे उत्तर साधे आहे: कार्यशाळेतली मुले. फ्लॉरेन्समधील चित्रकाराच्या कार्यशाळेत उमेदवारी करणाऱ्या पोराला ‘गार्झोने’ म्हणत. रंग घोटणे, फळ्या तयार करणे, झाडलोट करणे या कामांबरोबरच एकमेकांसाठी पवित्र्यात उभे राहणे हाही त्याच्या कामाचा भाग होता. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील सोनार आणि रेखाटनकार मासो फिनिग्वेरा यांच्या नावाशी जोडलेली अशी बरीच रेखाटने फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहेत. त्यांत स्टुलावर बसलेली, डुलकी घेणारी, मांडीवर फळी ठेवून चित्र काढणारी मुले दिसतात. त्यांपैकी चित्र काढत बसलेल्या एका मुलाच्या कागदावर, आपल्याला चांगला रेखाटनकार आणि चांगला वास्तुकार व्हायचे आहे, अशा अर्थाची ओळ लिहिलेली आहे. ज्याचे चित्र काढले जात आहे तो स्वतः चित्रकार होऊ पाहणारा आहे, हा त्या कार्यशाळांचा विशेष मला फार महत्त्वाचा वाटतो; कारण पवित्रा धरून उभे राहिलेल्या मुलाला, कोणता स्नायू ताणला जातो आणि कोणता सैल राहतो, हे आतून कळत असे, आणि दुसऱ्या दिवशी कागद हातात घेतल्यावर ते ज्ञान त्याच्या उपयोगी पडे.

याचे अत्यंत सुंदर उदाहरण म्हणजे फ्रान्समधील लील येथे असलेला राफाएलचा एक कागद. सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, वयाच्या विशीत असताना, राफाएलने पेरूजाच्या ओड्डी घराण्याच्या वेदीसाठी ‘मेरीचा राज्याभिषेक’ हे चित्र केले. ते आता व्हॅटिकनमध्ये आहे. त्या चित्रात ख्रिस्त मेरीच्या मस्तकावर मुकुट ठेवतो. लीलच्या कागदावर मात्र घट्ट विजारी आणि आखूड अंगरखे घातलेली कार्यशाळेतली दोन मुले बसली आहेत: एक ख्रिस्ताच्या जागी हात पुढे करून, तर दुसरा मेरीच्या जागी हात जोडून आणि मान लववून. मेरीचा पायघोळ झगा येथे नाही, तेजोवलय नाही, वय नाही, स्त्रीत्वही नाही. राफाएलला हवे होते ते लवलेल्या मानेपासून जोडलेल्या हातांपर्यंत जाणारे वळण आणि दोन देहांमधले अंतर. ते मिळाल्यावर मुलाची मेरी करणे हे पुढचे काम होते, आणि ते मॉडेलशिवाय होऊ शकत होते.

आता साधनांविषयी. पंधराव्या शतकात मॉडेलवरून काम करण्याचे मुख्य साधन धातूची लेखणी हे होते, विशेषतः चांदीची, जिला आपण सिल्व्हरपॉइंट म्हणतो. साध्या कागदावर चांदी ओढली तर उमटत नाही. कागदावर हाडांची बारीक राख किंवा शिसे-पांढरा आणि सरस यांचे पातळ अस्तर चढवावे लागते, आणि त्या किंचित खरखरीत पृष्ठावर धातूचा सूक्ष्म कण घासून राहतो. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी यांनी साधारण १४०० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत नवशिक्यासाठी याहूनही साधी कृती दिली आहे: कोंबडीच्या मांडीची आणि पंखाची हाडे राखेहून पांढरी होईपर्यंत जाळावीत, अगदी बारीक वाटावीत, आणि ती भुकटी थुंकीत कालवून लाकडाच्या छोट्या फळीवर पसरावी, ती वाळली की चांदीच्या लेखणीने रेखाटन करावे, आणि पुन्हा अस्तर देऊन तीच फळी वापरावी. कागद महाग होता, सराव तर रोज हवा होता; ही फळी म्हणजे त्यावरचा उपाय.

सिल्व्हरपॉइंटचे दोन गुणधर्म या चित्रांची शैली ठरवतात. पहिला असा की रेष खोडता येत नाही. दुसरा असा की कितीही जोर दिला तरी ती फारशी जाड किंवा काळी होत नाही. गडदपणा हवा असेल तर शेजारी शेजारी बारीक रेषांची जाळी विणावी लागते. त्यामुळे छाया हळूहळू जमते आणि आकाराच्या बाजूने डोळा सावकाश फिरतो. उजेड दाखवण्यासाठी कागदाचे अस्तरच गुलाबी, राखाडी किंवा हिरवट रंगवत, आणि सर्वांत उजळ जागी कुंचल्याने पांढरा रंग लावत. मधला टोन कागदाने दिलेला, काळोख चांदीने आणि प्रकाश पांढऱ्याने, अशी वाटणी झाल्यावर थोड्या वेळात संपूर्ण देह उभा राहतो. फ्लॉरेन्सचा चित्रकार फिलिप्पिनो लिप्पी याची रंगीत अस्तरावरची रेखाटने पाहताना पांढऱ्या फटकाऱ्यांकडे लक्ष द्यावे. ते घाईने मारलेले आहेत, पण खांद्याच्या टोकावर, गुडघ्याच्या वाटीवर, जेथे हाड कातडीजवळ येते तेथेच ते पडलेले आहेत.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीस काळा आणि लाल खडू पुढे आला आणि रेखाटनाचा स्वभावच बदलला. लाल खडू हा लोहयुक्त नैसर्गिक मातीचा तुकडा. लिओनार्दो दा विंचीने १४९० च्या दशकात त्याचा विचारपूर्वक वापर सुरू केला. टोक काढले तर तो बारीक रेष देतो, आडवा धरला तर रुंद मऊ छटा देतो, आणि त्याचा रंग मुळातच रक्तामांसाच्या जवळचा आहे. चांदीने जी छाया विणायला बराच वेळ लागे ती खडूने काही क्षणांत येऊ लागली. मोठ्या हालचालींच्या, पिळवटलेल्या देहांच्या रचना याच काळात वाढल्या, हा मला योगायोग वाटत नाही: अवघड पवित्रा मॉडेल थोडाच वेळ धरू शकतो, आणि तेवढ्यात तो पकडणारे साधन आता हाताशी होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका कागदाच्या आधारे देतो, कारण त्या एका कागदावर जवळजवळ सर्व काही आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलच्या छतावरील लिबियन सिबिलसाठी केलेले लाल खडूचे अभ्यासचित्र आहे. छताचे काम १५०८ ते १५१२ या काळात झाले आणि हा कागद त्याच्या शेवटच्या टप्प्यातला आहे. आकार जेमतेम २९ बाय २१ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या ए-फोर कागदाएवढा. सिबिल ही प्राचीन भविष्यवेत्ती. छतावर ती आपल्याकडे पाठ करून बसली आहे, दोन्ही हातांनी मागच्या बाजूला धरलेला भला मोठा ग्रंथ पेलते आहे आणि त्याच वेळी मान वळवून खाली पाहते आहे. कागदावर त्या जागी एक तरुण पुरुष आहे, पाठमोरा, उघडा.

या पाठीकडे नीट पाहावे. कण्याची खोबण सरळ नाही. कमरेशी ती एका दिशेला निघते आणि खांद्यांशी पोहोचेपर्यंत वळून जाते, त्यामुळे कंबर आणि खांदे दोन वेगळ्या प्रतलांत आहेत हे शब्दाविना कळते. हात वर उचलल्यामुळे खांद्याची फळी बाहेरच्या बाजूला फिरली आहे आणि तिच्या कडेवर स्नायूंचे गोळे जमले आहेत. येथे खडू घोटून घोटून लावलेला आहे. याउलट कमरेखाली जाता जाता काम विरळ होत जाते, कारण छतावर तो भाग वस्त्राखाली जाणार होता, तर खांदे, दंड आणि पाठीचा वरचा भाग उघडा राहणार होता. मायकेलअँजेलोने जेथे गरज होती तेथे प्रत्येक उंचवटा शोधला आणि जेथे नव्हती तेथे खडू उचलला. विद्यार्थी सगळीकडे सारखेच शेडिंग करतात तेव्हा मी त्यांना हा कागद दाखवतो.

त्याच कागदावर कडेला आणखी अभ्यास आहेत. डाव्या बाजूला खाली चेहरा पुन्हा काढलेला आहे, आणि मुख्य आकृतीतल्या चेहऱ्यापेक्षा तो मऊ झाला आहे. पुरुषाची सिबिल होण्याची क्रिया तेथे आपल्या डोळ्यांसमोर घडते. एक हात सुटा काढला आहे. आणि डाव्या पायाची बोटे, विशेषतः अंगठा, पुन्हा पुन्हा काढली आहेत. अंगठा का? कारण हा सारा पिळलेला देह आणि तो जड ग्रंथ यांचा भार शेवटी त्या टेकलेल्या चवड्यावर येतो. अंगठा जमिनीवर दाबला गेला नाही तर वरची भव्य पाठ अधांतरी वाटेल. एवढ्या मोठ्या छताचे काम चालू असताना हा माणूस एका अंगठ्याशी थांबला आहे, हे मला आजही विलक्षण वाटते.

तर स्त्रिया पुरुषांसारख्या का? एक कारण व्यावहारिक आहे. कार्यशाळा पुरुषांच्या होत्या, मॉडेल हाताशी होते ते पुरुष होते, आणि प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने चित्रकारापुढे विवस्त्र बसणे त्या समाजात अशक्यप्राय होते. पण केवळ हेच कारण असते तर सर्वांच्या स्त्रिया तशाच दिसल्या असत्या, आणि तसे झालेले नाही. नग्न स्त्रीदेहाची रेखाटने आधीपासून होत होती: पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटालियन चित्रकार पिसानेल्लोने ती केली, आणि आल्प्सच्या उत्तरेला जर्मन चित्रकार ड्युररच्या १४९३ च्या एका कागदावर उभी विवस्त्र स्त्री आहे, जी कोणत्याही आदर्श प्रमाणाला न जुमानता समोरच्या व्यक्तीवरूनच काढलेली आहे, हे पाहताक्षणी पटते. राफाएलने १५१७–१८ च्या सुमारास रोमच्या व्हिला फार्नेसिनासाठी तीन ‘ग्रेसेस’चे (सौंदर्य आणि लावण्याच्या प्राचीन देवतांचे) लाल खडूचे अभ्यासचित्र केले, ते आता ब्रिटनच्या राजसंग्रहात आहे. त्यात बहुधा एकच स्त्री तीन पवित्र्यांत काढलेली आहे, आणि दंडांचे, पोटाचे, मांड्यांचे मऊ वजन स्त्रीदेहाचेच आहे. म्हणजे मायकेलअँजेलोच्या बाबतीत निवडीचा भाग मोठा होता. त्याला हवी होती ती देहातून व्यक्त होणारी शक्ती, आणि ती त्याला पुरुषदेहाच्या भाषेत सुचत असे. त्याला स्त्रिया काढता येत नव्हत्या, हा जो ठोकळेबाज निष्कर्ष वारंवार ऐकू येतो, तो मला चुकीचा वाटतो. सिबिलचा तो खालचा चेहरा त्याला पुरेसे उत्तर आहे.

राफाएलच्या या ‘ग्रेसेस’च्या कागदावर आणखी एक कसब लपलेले आहे. लाल खडू लावण्यापूर्वी त्याने बोथट टोकाच्या शलाकेने कागदावर कोरड्या, रंगहीन रेषा दाबून घेतल्या आहेत. कागद तिरप्या उजेडात धरला की त्या खोबणी दिसतात. चुकली तरी ती रेष रंग सोडत नाही, त्यामुळे शोधाशोध अदृश्य राहते आणि खडूची रेष पहिल्याच वेळी आत्मविश्वासाने उतरल्यासारखी दिसते. ‘हे लोक एका फटक्यात काढत’ ही समजूत ज्यांना छळते, त्यांनी ही बाब जरूर ध्यानात ठेवावी.

पवित्रा किती वेळ धरला जाई, याचे उत्तर चित्रांतूनच काढता येते. वर उचललेला हात काही मिनिटांत जड होतो आणि खाली येऊ लागतो. म्हणून हात आणि बोटे बऱ्याचदा कागदाच्या कडेला वेगळी, दुसऱ्या बैठकीत काढलेली दिसतात, आणि धड मात्र निवांतपणे पूर्ण केलेले असते. पुढच्या शतकांतील अकादमींत मॉडेलच्या हाताला काठीचा किंवा वरून सोडलेल्या दोरीचा आधार देण्याची पद्धत रूढ झाली. ऋतूचाही संबंध होता: लिओनार्दोने तरुण चित्रकारांना असे सुचवले आहे की उन्हाळ्यात केलेली नग्नाकृतींची रेखाटने हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र काढावीत, त्यांतले उत्तम अवयव निवडावेत आणि त्यांचा अभ्यास करावा. शेकोटीशिवायच्या खोलीत इटलीच्या थंडीत उघडे उभे राहणे काय असते, याची कल्पना केली की ही वाटणी समजते.

मॉडेलच्या श्रमांविषयी मला सर्वांत जवळचा वाटतो तो ऊर्बिनोचा चित्रकार फेदेरिको बारोच्ची. सतराव्या शतकात चरित्रकार बेल्लोरीने लिहून ठेवले आहे की बारोच्ची आपल्या कार्यशाळेतल्या मुलांना पवित्र्यात उभे करून विचारत असे, काही ताण जाणवतो का, जरा अधिक वळल्यावर बरे वाटते का. आणि त्यांच्या उत्तरावरून तो सर्वांत नैसर्गिक हालचाल निश्चित करत असे. यात माणुसकी आहे आणि चित्रकाराचा स्वार्थही आहे, कारण अवघडलेले शरीर कागदावरही अवघडलेलेच उतरते. आपल्याकडच्या कलाशाळांत रोजावर येणाऱ्या मॉडेलला हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शरीरशास्त्राचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील, पण त्यावर थोडक्यातच लिहितो, कारण त्याचे महत्त्व आज अवास्तव वाढवले जाते. वास्तुकार आणि लेखक आल्बेर्ती याने १४३५ मध्ये चित्रकलेवरील ग्रंथात सांगितले की आधी हाडे मनाशी रचावीत, त्यांवर स्नायू, मग त्वचा, आणि वस्त्र सर्वांत शेवटी. लिओनार्दो आणि मायकेलअँजेलो या दोघांनीही शवविच्छेदन केले. पण त्याच लिओनार्दोने, प्रत्येक स्नायू फुगवून दाखवणाऱ्या चित्रकारांच्या आकृती अक्रोडांनी भरलेल्या पोत्यासारख्या दिसतात, असे बजावले आहे. शरीरशास्त्र मॉडेलकडे पाहण्यास मदत करते. मॉडेलची जागा ते घेऊ लागले की आकृती मरते. जानेवारी १५०६ मध्ये रोममध्ये लाओकोऑनचे शिल्प (सापांच्या विळख्यात सापडलेला पिता आणि त्याचे दोन मुलगे) सापडल्यानंतर प्राचीन शिल्पांचा प्रभावही या रेखाटनांत वाढला, आणि काही कागदांवर मॉडेल खरा आहे की शिल्पाच्या आठवणीने घडवलेला, हे सांगणे तज्ज्ञांनाही कठीण जाते.

आता तिसरा प्रश्न, नक्कल करण्याचा. करावी, आणि मनापासून करावी. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून आणि मग, तेथील प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात सुरू झालेल्या लाइफ क्लासमध्ये, प्रत्यक्ष मॉडेलवरून काम झाले. त्या परंपरेची मुळे युरोपीय अकादमींमार्फत याच कार्यशाळांपर्यंत जातात, त्यामुळे हे आपल्याला परके नाही. मात्र बाह्यरेषेपासून सुरुवात करून शेडिंगपर्यंत यंत्रवत नक्कल केली, तर हाताला वळण लागते आणि डोळ्याला काहीच मिळत नाही. मी असे सुचवतो: सिबिलचा कागद निवडला असेल तर तो मूळ आकारातच करावा, मोठा करू नये. लाल खडू किंवा सँग्वीन (लालसर तपकिरी) पेन्सिल घ्यावी, कागद किंचित पिवळसर असावा. काम सुरू करण्यापूर्वी अंतिम भित्तिचित्राचे छायाचित्र शेजारी ठेवावे आणि कागदावरील प्रत्येक भागाबद्दल स्वतःला विचारावे, हे मायकेलअँजेलोला कशासाठी हवे होते. उत्तर सापडलेल्या भागापासून सुरुवात करावी.

सिल्व्हरपॉइंट करून पाहण्यासाठी फार खर्च लागत नाही. सोनाराकडून शुद्ध चांदीची बारीक तार घ्यावी, ती लीड होल्डरमध्ये (शिसे बदलता येणाऱ्या पेन्सिलीच्या दांड्यात) बसवावी आणि टोक पॉलिश पेपरवर घासून गोल करावे, नाहीतर ते कागद फाडते. जाड, गुळगुळीत कागदावर पांढऱ्या गवाशचे (अपारदर्शक जलरंगाचे) पातळ दोन हात द्यावेत. त्यात चिमूटभर गेरू मिसळला तर जुन्या अस्तराच्या जवळची गुलाबी छटा येते. रेष सुरुवातीला राखाडी दिसेल आणि हवेने चांदी काळवंडू लागली की काही महिन्यांत तपकिरीकडे झुकेल.

नक्कल झाल्यावर लगेच, त्याच दिवशी शक्य असल्यास, मॉडेलवरून काम करावे, आणि मॉडेल मिळत नसेल तर मित्राला बसवावे. गार्झोनेही एकमेकांसाठीच बसत होते. सिबिलचाच पवित्रा द्यावा: पाठमोरे बसणे, दोन्ही हात उचलून एखादे जाड पुस्तक धरणे, मान वळवून खाली पाहणे. पुस्तक खरोखर जड असावे, कारण रिकाम्या हातांनी दिलेल्या पवित्र्यात खांद्याची फळी तशी फिरत नाही. दर काही मिनिटांनी विश्रांती द्यावी, आणि एक फेरी आपण स्वतः त्या पवित्र्यात बसून घालवावी. पहिल्या कागदावर फक्त कण्याचे वळण आणि दोन्ही खांद्यांची पातळी घ्यावी, दुसऱ्यावर उचललेल्या हाताच्या बाजूची खांद्याची फळी, आणि तिसऱ्यावर जमिनीला टेकलेला चवडा.